विद्यार्थ्यांच्या हातातला ब्रीफ: पॅरिस ते पवई

डिझाइनच्या विद्यार्थ्याला प्रोजेक्टच्या सुरुवातीला जो पान-दीड पानाचा ब्रीफ, म्हणजे कामाची लेखी मांडणी, मिळतो, त्याची वंशवेल शोधत गेलं तर आपण एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसला पोहोचतो. तिथल्या एकोल दे बोझार या कलाशाळेत वास्तुकलेच्या स्पर्धांसाठी सिद्धांताचे प्राध्यापक ‘प्रोग्राम’ लिहीत. इमारत कसली, दालनं कोणती, रेखाटनं किती आणि कोणत्या प्रमाणात, सगळं ठरलेलं. जागा मात्र बहुतेक वेळा काल्पनिक असे. विद्यार्थ्याने बंद खोलीत एकट्याने बसून १२ तासांत कच्चा आराखडा काढायचा, त्याची प्रत जमा करायची आणि मग तोच आराखडा तपशिलात फुलवायचा. मूळ कल्पना सोडली की स्पर्धेतून बाद. आपल्या आर्किटेक्चर कॉलेजांतली ज्यूरी, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडण्याची पद्धत, याच घराण्यातली.

१९१९ मध्ये जर्मनीत वायमारला बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू झाली आणि ब्रीफ एकदम आखूड झाला. पायाभूत अभ्यासक्रमात तिथले शिक्षक योझेफ आल्बर्स विद्यार्थ्यांपुढे वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवत: यातून आत्ता आहे त्याहून अधिक काहीतरी करा, कागदाचा मान राखा, जमलं तर कात्रीसुद्धा वापरू नका. कुणी किल्ला केला, कुणी होडी. आल्बर्सना पसंत पडली ती उभी घडी घालून नुसती उभी केलेली पानं. एरवी आडवा पडणारा कागद त्या घडीमुळे पायांवर उभा राहिला होता. इथे काय बनवायचं हे शिक्षकाने सांगितलंच नाही. सांगितलं ते फक्त साहित्य आणि बंधन. नंतर जर्मनीतल्याच उल्मच्या डिझाइन शाळेने (१९५३ ते १९६८) तोल पुन्हा फिरवला. वापर, उत्पादन आणि मोजमाप यांची शिस्त आली. एकावर एक रचता येणारी ‘टीसी १००’ ही कपबश्या-ताटल्यांची मालिका म्हणजे निक रोएरिष्टचा तिथला डिप्लोमा प्रोजेक्ट, जो पुढे कारखान्यात गेला.

भारतातली गोष्ट वेगळ्याच कागदापासून सुरू होते. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात लोट्यावर एक उतारा आहे. पाणी किती मावावं? उचलणारे हात बाईचे की पुरुषाचे, त्यांत ताकद किती? डोक्यावर न्यायचा की कमरेवर? भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहील? आतून घासता येईल का? दगडावर टेकवला तर आवाज कसा येईल? माझ्या मते विद्यार्थ्यांसाठी इथे लिहिला गेलेला हा सर्वांत चांगला ब्रीफ. गंमत म्हणजे तो ब्रीफ म्हणून लिहिलेलाच नव्हता आणि त्यात काही बनवायलाही सांगितलेलं नाही. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तिथले विद्यार्थी कारागिरांच्या गावी जाऊन हस्तकलांची नोंद करू लागले. प्रश्न वर्गात तयार मिळण्याऐवजी तिथे जाऊन शोधायचा, ही सवय यातून लागली.

मुंबईत जे. जे. आणि उल्म अशा दोन्ही ठिकाणी शिकलेले सुधाकर नाडकर्णी यांनी १९६९ मध्ये आयआयटीत, पवईला, इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू केलं. उल्मची शिस्त इथे आली, पण समोर भारतातले प्रश्न होते. योगायोग असा की उल्मला शिकवलेल्याच होर्स्ट रिटेल या डिझाइन-अभ्यासकांनी नगरनियोजनाचे अभ्यासक मेल्विन वेबर यांच्यासोबत १९७३ मध्ये मांडलं की काही प्रश्नांत प्रश्न नीट मांडणं हेच खरं काम असतं. उत्तराचा अंदाज आल्याशिवाय तो मांडताच येत नाही. सगळं आधीच ठरवून देणाऱ्या ब्रीफची अडचण यात नेमकी पकडली आहे. औद्योगिक डिझाइनवरच्या १९७९ च्या अहमदाबाद जाहीरनाम्याने विकासासाठी डिझाइनचा आग्रह धरला, तेव्हा कारखान्याबाहेरचे, गुंतागुंतीचे प्रश्न शिक्षणात आणखी ठळक झाले.

पवईतले प्रोजेक्ट अहवाल चाळले तर याचा परिणाम अनुक्रमणिकेतच दिसतो. आधी विषयाची पार्श्वभूमी, मग वापरणाऱ्यांच्या भेटी, बाजारातल्या वस्तूंची पाहणी. ‘डिझाइन ब्रीफ’ हे प्रकरण त्यानंतर येतं, आणि ते विद्यार्थ्यानेच लिहिलेलं असतं.