पाटणादेवीच्या कड्यांची पार्श्वभूमी

पाऊस सुरू झाला की चाळीसगावची मंडळी पाटणादेवीला निघतात. देवीचं दर्शन, केदारकुंडाचा धबधबा, झाडाखाली भाकरी-ठेचा आणि दिवेलागणीला घरी. दिवसभर समोर असतो तो काळा कातळ, पायऱ्या रचाव्यात तसा थराथराने वर चढलेला.

हे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. एक लोट थिजला की त्यावर दुसरा येई, पण सगळे सारखे कणखर झाले नाहीत. कणखर थराचा उभा कडा राहिला, भुसभुशीत थर झिजून माची झाली.

वर पितळखोऱ्यात इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास याच कातळात बौद्ध लेणी कोरली गेली. पैठणच्या मितदेव नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं दान तिथे कोरलेलं आहे. तिथली यक्षमूर्ती घडवणारा कान्हदास हा तर सोनार! त्याचं नाव मूर्तीवरच आहे. पाणी मुरून लेण्यांचे दर्शनी भाग ढासळले. कोरणाऱ्यांनी पाण्याला वाट म्हणून दगडातच नाल्या काढल्या होत्या, त्या पाहिल्याशिवाय परतू नये.

हे जंगल १९८६ पासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. नावातला औट्रम म्हणजे १८२५ च्या सुमारास खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो पायथ्याच्या पाटण गावचा शिलालेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ साली त्याला दान दिलं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख प्रसिद्ध केला. लेख संस्कृत आहे, पण शेवटी दानाच्या तपशिलाशी येताच तो मराठीत बोलू लागतो: ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’, म्हणजे या पाटणात जो माल विक्रीला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला दिला. आज जिथे वानरं आणि सागाची झाडं दिसतात, त्या कड्यांखाली तेव्हा भरती पेठ होती, आणि तिच्या उत्पन्नावर मुलं गणित शिकत होती.