शालेय व्यवसायकौशल्य शिक्षण (खानदेश)

शालेय व्यवसायकौशल्य शिक्षण : विद्यार्थ्याला शाळेत असतानाच कामधंद्याची ओळख करून देणारे आणि पुढच्या नोकरीसाठी किंवा स्वतःच्या धंद्यासाठी लागणारी हाताची, हिशेबाची, बोलण्याची व कागदपत्रांची तयारी करून घेणारे शिक्षण. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रूढ अर्थाने खानदेशात, या शिक्षणाची एक खास अडचण आहे आणि तीच त्याची सोयही आहे. इथल्या बऱ्याच मुलांना एखादे काम शाळेआधीच येत असते. रावेर-यावलकडच्या पोराला केळीची पिले (बुंध्याशी फुटणारे कोंब) कधी कापायची ते कळते, नंदुरबारच्या मुलीने आईबरोबर मिरचीचे देठ खुडलेले असतात. त्या कामामागचे मोजमाप, दर आणि कागद मात्र घरी सहसा कोणी शिकवत नाही. शाळेला खरे काम आहे ते तिथे.

शिक्षणाला हातकामाची जोड द्यावी हा विचार जुना आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला मांडल्या गेलेल्या गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणयोजनेत मूलोद्योग, म्हणजे सूतकताईसारखा एखादा हाताचा धंदा, हा शिक्षणाचा पायाच मानला होता. कापसाच्या या मुलखात टकळी आणि सूतकताई परकी वाटण्याचे कारण नव्हते. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. तो विषय वेळापत्रकात आला खरा, पण पुष्कळ शाळांत खडूचे साचे आणि कागदी फुले यांच्यापुढे गाडी गेली नाही, आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या सरांकडे जाई. अकरावी-बारावीला द्विलक्षी विषय (नेहमीच्या शाखेबरोबर घ्यायचा व्यवसाय विषय) आणि किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. त्यांपैकी द्विलक्षी विषय २०० गुणांचा असल्याने त्याकडे हुशार मुलेही वळली, मात्र अनेकांची नजर कसबापेक्षा टक्केवारीवर होती.

आजची चौकट राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याची आहे. कोणत्या पायरीला कोणते कौशल्य यावे हे ठरवणारा केंद्राचा हा आराखडा २०१३ मध्ये अधिसूचित झाला. त्यानुसार निवडक शाळांत नववीपासून शेती, ऑटोमोबाइल, किरकोळ विक्री, आरोग्यसेवा, सौंदर्यसेवा, माहिती तंत्रज्ञान, बहुकौशल्य असे विषय घेता येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे काम पाहण्याची कल्पना मांडली. राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांची कलमापन चाचणी २०१६ पासून घेतली गेली. कल कळला तरी त्या कलाचा अभ्यासक्रम तालुक्यात असेलच असे नाही, ही तक्रार धडगाव-अक्कलकुव्यासारख्या सातपुड्यातल्या दुर्गम तालुक्यांकडे रास्तच होती.

ग्रामीण शाळांसाठी महाराष्ट्रात सर्वांत विचारपूर्वक घडलेला नमुना पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. तिथल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान परिचय’ या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशी चारही अंगे मुले व मुली दोघेही शिकतात, आणि शिकताना गावाला उपयोगी पडेल अशी वस्तू वा सेवा देतात. एकाच धंद्याला न बांधता चार हत्यारे हाताळायला देणारी ही पद्धत खानदेशाच्या खेड्यांना जास्त मानवणारी आहे.

कारण इथला रोजगार गावागणिक बदलतो. जळगावात डाळमिल, प्लॅस्टिक चटई, पाइप आणि ठिबकचे कारखाने, जोडीला सराफ बाजार. भुसावळला रेल्वे, दीपनगरला औष्णिक वीज, वरणगावला आयुधनिर्माणी. शिरपूरला कापड, दोंडाईचा-नंदुरबारला मिरची. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी आज विप्रो या नावाने जगभर सॉफ्टवेअरचा धंदा करते. करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत हा दाखला हमखास येतो. शेजारच्या गल्लीतला मोटार रिवाइंडिंगवाला मात्र त्या व्याख्यानात कधी येत नाही, आणि मुलांना त्याच्याकडून विचारून घेण्यासारखे पुष्कळ असते.

शाळेत काय शिकवता येईल, याचा नमुना म्हणून ठिबकचे एक उदाहरण पुरे. एक एकर केळी, लागवड ५ × ५ फुटांवर. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याला २५ ने भागले की साधारण १,७४२ झाडे. प्रत्येक झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) धरले तर तासाला सुमारे १३,९०० लिटर पाणी लागते. आता विहिरीवरची मोटार तासाला १०,००० लिटरच देत असेल, तर संपूर्ण एकराचे व्हॉल्व्ह एकदम उघडून शेवटच्या ओळींना पाणी पोचणार नाही. दोन भाग पाडावे लागतील. रोज झाडामागे १६ लिटर द्यायचे, तर प्रत्येक भागाला दोन तास, म्हणजे एकूण चार तास वीज हवी. रात्रपाळीची वीज आठ तास असली तरी मध्येच गेली तर काय, हा पुढचा प्रश्न मुले आपणहून विचारतात. त्यांना तो घरचा असतो. सातवीचे क्षेत्रफळ, आठवीचे प्रमाण आणि नववीचे विजेचे प्रकरण एका शिवारात भेटते. मग फिल्टर उघडून धुणे, लॅटरलचे (ओळीतून जाणाऱ्या बारीक नळीचे) टोक सोडून गाळ काढणे, बंद पडलेला ड्रिपर ओळखणे हे प्रात्यक्षिक. एवढे नीट येणाऱ्या मुलाला ठिबकची देखभाल हा गावातच धंदा आहे.

बोलण्याची तयारी ही दुसरी बाजू. घरी अहिराणी, सातपुड्यात भिली किंवा पावरी बोलणारे मूल मुलाखतीत प्रमाण मराठीच्या धाकाने गप्प बसते. ‘तुले काय येस?’ (तुला काय येते?) असे विचारले की तेच मूल दहा कामे सांगते. जाणते शिक्षक आधी बोलीत सांगू देतात, मग तेच मराठीत आणि शेवटी अर्जात उतरवून घेतात. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजींनी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ चालवले होते. रोज काही लिहून चारचौघांसमोर ठेवण्याची ही सवय आजही बिनखर्चाने लावता येते.

कामाचा अनुभव आणि बालमजुरी यांतली रेघ शाळेने सोडता कामा नये. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर वा सुट्टीत हातभार लावण्यापुरती सूट आहे. धोकादायक कामांना १८ पर्यंत मनाई आहे. नंदुरबारच्या मिरची पथारीवर (मिरची वाळत घालण्याच्या मोकळ्या जागेवर) मुलांना न्यायचे ते पाहायला आणि विचारायला: ओली मिरची वाळून किती भरते, देठ खुडण्याची मजुरी किलोवर कशी ठरते, तिखट कोण घेते. ऊसतोडीसाठी कुटुंबासह गुजरातेत जाणाऱ्या मुलांचे तर वर्गच अर्धवट राहतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची जागा ही कोणत्याही कौशल्य विषयाच्या आधीची गरज आहे.

अंमलबजावणीत सर्वांत कच्चा दुवा प्रशिक्षकांचा. व्यवसाय प्रशिक्षक बहुधा बाहेरच्या संस्थेमार्फत मानधनावर नेमले जातात. नेमणूक लांबली की यंत्रे खोक्यातच राहतात. मुलींना सौंदर्यसेवा आणि मुलांना ऑटोमोबाइल अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी कोणी न ठरवताच होते.

दहावीनंतर आयटीआय, तंत्रनिकेतन किंवा १९६१ च्या कायद्याखालील ॲप्रेंटिसशिप (शिकाऊ उमेदवारी) या वाटा आहेत. त्यांच्या तोंडाशी मुले अडतात ती गुणांपेक्षा कागदांवर. शाळेच्या नोंदवहीत एक नाव, आधारवर दुसरे, बँक पासबुकात वडिलांचे नावच नाही, जातीचा दाखला निघालेला नाही. नोंदवहीतली चूक मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्त करणे सोपे. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती महिनोन्महिने रेंगाळते. म्हणून काही मुख्याध्यापक आठवीतच सर्व मुलांचे कागद एका टेबलावर मांडून, नावाचे एकेक अक्षर ताडून पाहतात.