येन वधारला आणि तरी स्वस्त झाला, असं कसं?

"चलन मजबूत तर देश मजबूत" हा मेसेज परत एकदा फिरताना दिसला म्हणून लिहायला बसलो. नुसता डॉलरचा भाव बघून चलन महाग की स्वस्त हे कळत नाही, आणि त्या भावाला देशाची इभ्रत चिकटवणं ही तर अंधश्रद्धाच आहे.

जपानचं बघा. एप्रिल 1995 मध्ये डॉलर 80 येनपर्यंत उतरला होता, ऑक्टोबर 2011 मध्ये 76 च्याही खाली गेला, म्हणजे येन अजून 5 टक्के वधारला. पण या 16 वर्षांत अमेरिकेत महागाईने भाव जवळपास दीडपट झाले आणि जपानमध्ये होते तिथेच राहिले. 1.05 ला 1.5 ने भागा, 0.70 येतं. म्हणजे अमेरिकेच्या तुलनेत जपानी वस्तू खरं तर 30 टक्के स्वस्त झाल्या! हा झाला रिअल रेट.

आता व्यापार काही एकट्या अमेरिकेशी नसतो, म्हणून ज्याच्याशी जेवढा व्यापार तेवढं त्याच्या चलनाला वजन देऊन या रिअल रेटची सरासरी काढायची, तोच रिअल इफेक्टिव्ह एक्सचेंज रेट, म्हणजे रीर. आणि इथली गंमत मला फार आवडते, कारण ही सरासरी बेरजेची नसते, गुणाकाराची असते.

समजा दोनच देशांशी सारखा व्यापार आहे, एकाच्या चलनासमोर आपलं चलन दुप्पट झालं, दुसऱ्यासमोर निम्मं. बेरीज करून सरासरी काढली तर 2 आणि 0.5 ची 1.25, म्हणजे आपण 25 टक्के वधारलो. आता तेच त्यांच्या बाजूने मोजा, त्यांचे आकडे 0.5 आणि 2, सरासरी परत 1.25, म्हणजे तेही आपल्यासमोर 25 टक्के वधारले! दोघंही एकमेकांसमोर वधारतील कसे? गुणाकार करून वर्गमूळ घेतलं की दोन्हीकडून 1 येतं, भानगडच मिटते. वजनं वेगवेगळी असली की प्रत्येक आकड्याचा त्याच्या वजनाएवढा घात घ्यायचा, मग गुणाकार.

बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स, म्हणजे जगभरच्या मध्यवर्ती बँकांची बँक, हा रीर निर्देशांक दर महिन्याला 64 अर्थव्यवस्थांसाठी काढते, 2020 ची पातळी 100 धरून. आकडा 110 दिसला की लगेच "चलन 10 टक्के जास्त महाग आहे" असं लिहिणारे खूप दिसतात, पण त्याचा अर्थ एवढाच की 2020 पेक्षा 10 टक्के महाग. 2020 मधला भाव योग्य होता असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.