मस्तिष्कस्तंभ मृत्यूचे प्रमाणीकरण

मस्तिष्कस्तंभाचे (मेंदूच्या तळाशी असलेल्या, श्वसन चालवणाऱ्या भागाचे) सर्व कार्य कायमचे थांबले आहे व ते पुन्हा सुरू होणे शक्य नाही, असे अतिदक्षता विभागातील रुग्णाबाबत ठरावीक चाचण्यांनी निश्चित करून विहित नमुन्यात लेखी देण्याची प्रक्रिया. अशा रुग्णाला व्यवहारात ‘ब्रेन डेड’ म्हणतात. भारतात या प्रक्रियेला मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ याचा आधार आहे. हा कायदा ४ फेब्रुवारी १९९५ पासून प्रथम महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला.

ही संकल्पना प्रत्यारोपणाच्या गरजेतून आली की अतिदक्षता उपचारांतून, याविषयी मतभेद आहेत. पहिल्या मताची भिस्त कालक्रमावर आहे. केपटाउन येथे डिसेंबर १९६७ मध्ये पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण झाले आणि हेन्री बीचर यांच्या अध्यक्षतेखालील हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीचा मेंदूमृत्यूच्या निकषांवरील अहवाल ऑगस्ट १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचे जुने निकष अवयव मिळवताना वादाचे कारण ठरू शकतात, असे त्यात म्हटलेही आहे. (मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयप्रत्यारोपण केले, तेव्हा हा अहवाल यायचा होता.) तथापि पॅरिसचे डॉक्टर मोलारे व गुलों यांनी अशा २३ रुग्णांचे वर्णन १९५९ मध्येच केले होते व त्यांच्यापुढे प्रश्न अवयवांचा नव्हता, उपचार कुठवर चालवावेत हा होता. मस्तिष्कस्तंभ निकामी होताच श्वास थांबतो आणि थोड्याच वेळात हृदयही. कोपनहेगनमधील १९५२ च्या पोलिओ साथीनंतर दीर्घकाळ कृत्रिम श्वसन देण्याची पद्धत रुळली, म्हणूनच ही मधली अवस्था डॉक्टरांना दिसू लागली. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

निकषांतही दोन परंपरा आहेत. अमेरिकेतील १९८१ चा आदर्श कायदा संपूर्ण मेंदूचे कार्य थांबल्याची अट घालतो. ब्रिटनमध्ये १९७६ पासून मस्तिष्कस्तंभ पुरेसा मानला जातो. भारतीय कायद्याची व्याख्या ब्रिटिश परंपरेला जवळची आहे. त्यामुळे येथे मेंदूचा विद्युतालेख (ईईजी) सक्तीचा नाही. रुग्णाजवळ उभे राहून करायच्या तपासणीलाच महत्त्व आहे.

चाचणीपूर्वी मेंदूच्या इजेचे कारण माहीत असावे लागते. गुंगीची वा स्नायू शिथिल करणारी औषधे, शरीराचे उतरलेले तापमान आणि चयापचयातील गंभीर बिघाड यांपैकी काहीही बेशुद्धीला कारणीभूत नाही, याची खात्री करावी लागते. मग प्रकाशाने बाहुली आकुंचित होते का, बुबुळाला स्पर्श होताच पापणी मिटते का, कानात बर्फगार पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, नळीने घशात व श्वासनलिकेत चाळवल्यावर उबळ किंवा खोकला येतो का, हे पाहतात. ॲप्निया चाचणी (रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का, याची) निर्णायक असते. आधी भरपूर ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर सोडवतात, नळीतून ऑक्सिजन चालू ठेवतात आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब सामान्यतः ६० मिमी. पाऱ्यापर्यंत चढू देतात. एवढ्या दाबालाही छाती हलली नाही, तर श्वसनकेंद्र निकामी झाले असे मानतात. मेरुरज्जूमुळे (पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंच्या दोरामुळे) हातपाय क्वचित हलतात, नातेवाईक त्याने हेलावतात. परंतु त्याने निदान बदलत नाही. किमान ६ तासांच्या अंतराने सर्व चाचण्या पुन्हा करतात.

प्रमाणपत्रावर (२०१४ च्या नियमांतील नमुना १०) चार डॉक्टरांच्या सह्या असतात: रुग्णालयाचे प्रमुख, मान्य यादीतील स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ वा मेंदूशल्यचिकित्सक आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही त्यांत चालत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ वा मेंदूशल्यचिकित्सक मिळत नसल्यास शल्यचिकित्सक किंवा फिजिशियन व भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षतातज्ज्ञ घेण्याची मुभा २०११ च्या दुरुस्तीने दिली.

अवयवदानाला नातेवाइकांनी नकार दिला, तर पुढे काय, हा प्रश्न मात्र अवघड आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ मधील मृत्यूच्या व्याख्येत मस्तिष्कस्तंभाचा उल्लेख नाही. त्यामुळे व्हेंटिलेटर काढण्यास डॉक्टर कचरतात. केरळने २०२० मध्ये प्रमाणीकरण अवयवदानापासून वेगळे काढणारी मार्गदर्शक तत्त्वे दिली. संकल्पनेचा उगम पाहता ही भूमिका अधिक सुसंगत आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये असे रुग्ण प्रमाणित करून कळवणे रुग्णालयांना बंधनकारक केले. अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या करतात.