पानशेत की प्लेग कमिटी?

भविष्यातलं भीषण जग रंगवणारी कुठलीही कादंबरी हाती आली की आपण तिला ‘डिस्टोपियन’ म्हणून मोकळे होतो. झॉम्बी, अणुयुद्ध आणि ऑर्वेल, सगळे एकाच फळीवर. खरं तर तिथे दोन जाती आहेत, प्रलयकथा आणि डिस्टोपिया, आणि पुणेकराला तरी त्या ओळखता यायला हव्यात, कारण दोन्हींचा अनुभव या शहराने घेतला आहे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. नदीकाठच्या पेठांत वाडे बसले. शहर ज्या धरणाचं पाणी प्यायचं तेच गेल्यामुळे पूर ओसरल्यावर पिण्याच्या पाण्याचे हाल सुरू झाले. घडी मोडली, ती पुन्हा कशी बसवायची एवढाच प्रश्न उरला.

१८९७ ची गोष्ट निराळी. प्लेग ही आपत्ती होतीच, पण लोकांच्या मनात रुतली ती तिच्यामागून आलेली रँडची कमिटी. गोरे सोजीर बुटांसकट स्वयंपाकघरात, देवघरात शिरत, सामान बाहेर काढून जाळत, संशयिताला छावणीत धाडत. इथे घडी मोडलेली नव्हती, भलतीच करकचून बसवलेली होती. त्याच वर्षीचा साथरोग कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा. शेवटचं कलम सांगतं की या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. डिस्टोपियाचा जीव या एका ओळीत आहे.

‘द रोड’ (२००६) पानशेतच्या बाजूची. बाप आणि लेक सामानाची ढकलगाडी रेटत जळक्या प्रदेशातून चाललेत. जग कशाने जळलं हे लेखक सांगत नाही, आणि वाचताना अडतही नाही. क्रौर्य आहे, पण ते भुकेचं. तक्रार करायची तर ऐकायला कोणी शिल्लक नाही. डिस्टोपियात मात्र खिडकी उघडी असते, आत माणूस बसलेला असतो, आणि तक्रार केली की आधी तुमचंच नाव टिपून घेतलं जातं.

घोळ होतो तो देश फुटल्याच्या कथांत. ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (१९८५) अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना आणि तिथल्या संसदेला गोळ्या घातल्या जातात, राज्यघटना ‘तात्पुरती’ स्थगित होते. इथवर प्रलय. मग एके दिवशी नायिका नेहमीच्या दुकानात सिगारेट घ्यायला जाते. गल्ल्यावर ओळखीची बाई नाही, एक पोरगा आहे, आणि तो म्हणतो, तुमचा नंबर चालत नाहीये. बायकांची सगळी खाती गोठवलेली. नोकऱ्याही त्याच दिवशी गेलेल्या. गोळीबारापेक्षा हा गल्ल्यावरचा प्रसंग मला जास्त भिववतो. प्रलय निमित्त होतं, बंदोबस्त आधीच तयार होता.

आपल्याकडची ‘लैला’ (२०१७) याहून अवघड. जातधर्माप्रमाणे उंच भिंतींनी तोडलेलं शहर, आणि त्यात हरवलेल्या मुलीला शोधणारी आई. भिंती हव्याशा वाटणारे लोक तिथे भरपूर आहेत. ‘फक्त शाकाहारी कुटुंबासाठी’ अशी फ्लॅटची जाहिरात निमूट पुढे सरकवणाऱ्यांनी ती जरा सावकाश वाचावी.

आणि ऑर्वेलची ‘१९८४’? ती १९४९ ची, डिस्टोपियांतली फार नावाजलेली. तिच्या मधोमध पुस्तकातलं पुस्तक येतं, लांबलचक. बरेच जण ते चाळून पुढे जातात. जाऊ नका. तीन महासत्तांचं युद्ध मुद्दामच का संपू देत नाहीत, ते तिथे उलगडतं. राजकारणाचा कंटाळा असलेल्या ज्यूलियाला, म्हणजे नायक विन्स्टनच्या प्रेयसीला, मात्र ते पुस्तक लागत नाही. लंडनवर पडणारे रॉकेट बाँब बहुधा आपलंच सरकार टाकत असावं, लोक घाबरलेले राहावेत म्हणून, असं ती सहज बोलून जाते. विन्स्टनला हे कधी सुचलंच नव्हतं.