आधी वजनकाटा, मग पाटे

रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, हापूसची कलमं आहेत, आणि कलमांपासून डांबरी रस्त्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी जांभ्याची कच्ची वाट आहे. कुठे उघडा कातळ, कुठे चाकांनी घासून झालेल्या खोल चाकोऱ्या, मध्येच एखादा व्हाळ, म्हणजे ओढा. या वाटेवर पिकअप रोज चालते. फवारणीच्या दिवसांत पाण्याची टाकी घेऊन वर जाते, मार्च ते मे आंब्याचे क्रेट घेऊन खाली येते, उरलेल्या दिवसांत शेणखत, चिरे, सिमेंट, माणसं. हौसेने चिखलात घालायच्या जीपचे नियम या गाडीला लावून चालत नाही. ती बंद पडली तर त्या दिवसाची तोड बागेतच राहते.

अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की सल्ला बहुधा ठरलेला असतो: मागे एक पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) जादा टाका, दोन इंच उचलून घ्या, खाली जाड गार्ड मारा. सल्ला मूर्खपणाचा नाही, पण तिन्ही गोष्टींची किंमत बिलात लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त असते. ती कळण्यासाठी थोडं भौतिकशास्त्र लागतं, आणि त्याआधी वजनकाट्याची पावती लागते. रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांवर किती वजन आणि भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांवर किती, हे दोन आकडे हातात नसताना पाटे निवडणं म्हणजे माप न घेता कपडे शिवणं.

स्प्रिंगवर जितका भार तितकी ती दबते, हे रॉबर्ट हूकने १६७८ साली छापून सांगितलं. या नियमातून एक सोपा हिशेब निघतो. उभ्या गाडीच्या वजनाने पाटे किती सेंटिमीटर दबले आहेत ते कळलं, की गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली झुलेल ते सांगता येतं: ५ भागिले त्या सेंटिमीटरचं वर्गमूळ. पाटे ११ सेंटिमीटर दबले असतील तर गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा झुलते, म्हणजे १.५ हर्ट्झ. हा झोका बऱ्यापैकी मऊ आहे.

आता तीच गाडी रिकामी करू. समजा, मागच्या पाट्यांवर भरलेल्या गाडीत २,००० किलो येतात आणि रिकाम्या गाडीत ५००. भार चौथ्या हिश्शावर आला, म्हणून दबणंही पावणेतीन सेंटिमीटरवर आलं, आणि झुलण्याचा वेग दुप्पट झाला: ३ हर्ट्झ. माणसाच्या धडाला उभी थरथर सगळ्यात जास्त जाणवते ती साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात. रिकामी पिकअप त्या पट्ट्याच्या उंबरठ्यावरच उभी असते. ड्रायव्हरच्या कंबरेचं दुखणं भरलेल्या फेऱ्यांपेक्षा रिकाम्या फेऱ्यांत जास्त कमावलेलं असतं, ते यामुळे.

या गाडीत जादा पाटा टाकून कडकपणा ४० टक्क्यांनी वाढवला, तर भरलेली गाडी १.८ हर्ट्झवर आणि रिकामी ३.६ हर्ट्झवर जाते. भरलेली गाडी कमी बसते हे खरं. पण दिवसातल्या निम्म्या फेऱ्या रिकाम्या असतात, आणि तोडीच्या दिवसांत रिकामीच गाडी सडा चढत असते. कडक पाट्यांवर मागचं चाक कातळावर टिकत नाही, उड्या मारतं. चाक हवेत असताना त्याला पकड कुठली? मग एक चाक जागेवर फिरत राहतं आणि दोष टायरला दिला जातो.

कंपनीने यावर उपाय करूनच ठेवलेला असतो, तो म्हणजे हेल्पर पाटा. पुष्कळ पिकअपमध्ये मुख्य पाट्यांच्या जोडीला जाड हेल्पर असतो आणि गाडी ठरावीक खाली बसल्यावरच तो टेकून भार घेऊ लागतो. रिकाम्या गाडीत तो झोपलेला असतो. म्हणून भार खरोखरच जास्त येत असेल, तर मुख्य संचात पाटा घुसवण्याऐवजी हेल्परकडे बघावं. आणि वजनकाटा सांगत असेल की कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा माल जातोय, तर पाट्याने प्रश्न सुटत नाही. पाटा वाढवल्याने एक्सल, हब, ब्रेक आणि चॅसी यांची ताकद वाढत नसते. गाडी बसत नाही एवढंच होतं, आणि बसत नाही म्हणून माणूस आणखी चार क्रेट चढवतो.

एकच जाड पट्टी न घालता पातळ पाटे का रचतात, हेही इथे सांगायला हवं. पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. दोन पाटे एकमेकांवर मोकळे सरकत असतील तर कडकपणा दुप्पट होतो, पण त्याच दोघांच्या जाडीची एक सलग पट्टी केली तर तो आठपट होतो, आणि तेवढ्याच वाकण्याला तिच्या पृष्ठभागावर ताणही दुप्पट येतो. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत पाट्यांच्या मध्ये गंज धरला की मोकळे पाटे हळूहळू सलग पट्टीसारखे वागू लागतात. ‘पाटे कडक झाले’ असं ड्रायव्हर म्हणतो ते अगदी शब्दशः खरं असतं. ते खोलून, घासून, मधल्या पॅड बदलून पुन्हा बसवले तर नव्या पाट्यांचा खर्च पुष्कळदा वाचतो.

गंजाचा दुसरा उपद्रव जास्त वाईट आहे. चांगल्या कारखान्यात पाट्याच्या ताण येणाऱ्या बाजूवर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करतात. त्याने पृष्ठभागात दाब कोंडला जातो आणि तडा सुरू व्हायला वेळ लागतो. गंजाने पडलेला खड्डा हे कवच भेदतो. लाखो वेळा वाकताना त्या खड्ड्याच्या तळाशी केसाएवढा तडा सुरू होतो आणि एका सकाळी पाटा तुटतो. तुटलेला पाटा वेल्डिंग करून आणणारे आहेत. स्प्रिंगचं पोलाद विशिष्ट पाणी देऊन, म्हणजे तापवून आणि थंड करून तयार केलेलं असतं, वेल्डिंगची आच ते पाणी उतरवते, आणि मग तो सांध्याच्या शेजारीच पुन्हा तुटतो. तिथे पैसे वाचवू नयेत.

माझ्या मते पहिला खर्च शॉकअपवर करावा. पाटा धक्का साठवतो आणि परत करतो, शॉकअप त्याची उष्णता करून टाकतो. आतला दट्ट्या तेल बारीक छिद्रांतून ढकलतो, वेग जितका जास्त तितका विरोध जास्त. खडबडीत वाटेवर सतत काम पडलं की तेल तापतं, पातळ होतं, साध्या शॉकअपमध्ये त्यात हवा मिसळून फेसही होतो. फेसातून दट्ट्या नुसता सरकतो. नायट्रोजन भरलेल्या शॉकअपमध्ये तेल दाबाखाली ठेवलेलं असल्याने फेस होणं खूप कमी होतं. रोजच्या कच्च्या वाटेसाठी जास्तीचे पैसे द्यायचे तर ते या गुणासाठी आणि जाड दांड्यासाठी द्यावेत. झगझगीत रंगासाठी देऊ नयेत.

फार कडक शॉकअपही घेऊ नये. झोका आटोक्यात ठेवायला किती विरोध लागतो, ते कडकपणा गुणिले वस्तुमान याच्या वर्गमुळावर ठरतं. वरच्या उदाहरणात भरलेल्या गाडीला अगदी योग्य असलेला शॉकअप रिकाम्या गाडीला दुप्पट जड पडतो. तडजोड अटळ आहे, आणि ती भरलेल्या गाडीच्या बाजूने थोडी झुकती करावी, कारण झोके घेणारी भरलेली गाडी जास्त घातक. मेलेला शॉकअप ओळखायची युक्ती सोपी आहे. खडबडीत वाट संपली की गाडी थांबवून चारही शॉकअपना हळूच, चटका सांभाळून, हात लावून बघावा. तीन गरम आणि एक थंड असेल तर थंडाने काही काम केलेलं नाही.

शॉकअपचा आणि मालाचाही संबंध आहे. गाडीची तळपट्टी गुरुत्वाकर्षणापेक्षा जास्त त्वरणाने खाली गेली की क्रेटमधलं फळ क्षणभर अधांतरी राहतं आणि मग आपटतं. सगळ्यात वरच्या थरातली फळं सगळ्यात जास्त उडतात. तोडलेला हापूस कडक असतो, मार तेव्हा दिसत नाही, पिकताना दिसतो. त्या वेळेपर्यंत पेटी गिऱ्हाईकाच्या घरी पोचलेली असते.

टायरमधली हवा ही सगळ्यात स्वस्त स्प्रिंग आहे. रिकाम्या गाडीत भरलेल्या गाडीची हवा ठेवली तर टायर दगडासारखा वागतो. कंपनीने दोन्ही अवस्थांसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात, ते बहुधा दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेले सापडतात. कच्च्या वाटेवर हवा कमी करणाऱ्याने डांबरावर चढण्याआधी ती भरून घ्यावी. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. त्यामुळे छोटा कंप्रेसर गाडीत असणं गार्डपेक्षा जास्त उपयोगी.

आता उचलण्याबद्दल. चॅसी आणि पाटे यांच्यामध्ये दोन इंच वाढवले की गाडी उंच दिसते, पण मागच्या एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरचा, गोळा होता तिथेच राहतो. तो चाकांच्या जोडीने जमिनीवर टेकलेला आहे, पाट्यांना टांगलेला नाही. चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्याला घासतो तो हाच गोळा. त्याला उचलायचा उपाय एकच, मोठा टायर, आणि त्याने गिअर, ब्रेक आणि स्पीडोमीटर या तिन्हींचं गणित बदलतं. उचलण्याचा खरा फायदा चॅसीखालच्या भागांना आणि पुढच्या-मागच्या टोकांना मिळतो. व्हाळात उतरताना नाक टेकत असेल तर तो फायदा आहे, नाहीतर नाही.

उचललेल्या गाडीत हूक पुन्हा भेटतो. गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे गती नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या टोकांना जो क्रॉसचा सांधा असतो, त्याला हूकचाच सांधा म्हणतात. हा सांधा वाकलेल्या कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो. कोन १० अंश असेल तर वेग जेमतेम दीड टक्का वरखाली होतो, २० अंशांना सहा टक्के. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. गाडी उचलताना हे कोन बिघडले की ठरावीक वेगाला गाडी गुणगुणते, आणि काही महिन्यांत क्रॉस खडखडायला लागतो.

त्याहून मला भीती वाटते ती ब्रेकची. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. एक छोटी दांडी चॅसी आणि एक्सल यांच्यातलं अंतर मोजते. अंतर कमी असलं की गाडी भरलेली आहे असं समजून मागच्या ब्रेकला जास्त दाब दिला जातो. जास्त असलं तर गाडी रिकामी, म्हणून चाकं लॉक होऊ नयेत यासाठी दाब कमी. गाडी दोन इंच उचलली किंवा कडक पाट्यांनी ती बसेनाशी झाली, की हा व्हॉल्व्ह फसतो. दीड टन आंबा घेऊन चाललेली गाडी त्याला रिकामी वाटते, आणि उतारावर सगळं ओझं पुढच्या ब्रेकवर पडतं. पाट्यांचं कुठलंही काम केल्यावर ही दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा लावून घ्यावी. गॅरेजवाला ‘काय दांडी?’ म्हणाला तर गॅरेज बदलावं.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीत लिहिलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल करू देत नाही, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. बंपरपुढचा पाईपांचा कठडा, म्हणजे बुलबार, तर केंद्राच्या डिसेंबर २०१७च्या आदेशानंतर थेट कारवाईचा विषय आहे. तसाही तो पायी चालणाऱ्याला घातक आणि पुढच्या एक्सलवर नुसतं ओझं.

चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचा, गार्ड मात्र कामाचा आहे. चेंबर फुटलं की तेल गेलं, तेल गेलं की इंजिन. प्रश्न पत्र्याचा. ३ मिलिमीटर पोलादाचा एक चौरस मीटर साधारण साडेतेवीस किलो भरतो, ६ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा सव्वासोळा. जाडीच्या त्याच घनामुळे ॲल्युमिनियमचा पत्रा हलका असूनही जवळपास तिप्पट ताठ. मग पोलाद का घ्यावं? कारण दगडावर ते घसरतं, ॲल्युमिनियम खरवडतं आणि अडकतं. शिवाय वाकलेलं पोलाद गावातला फिटर ठोकून सरळ करतो. रोजच्या कामाला मी पोलादच घेईन, पण फक्त चेंबर आणि गिअरबॉक्सखाली. सगळं पोट झाकलं तर ७० किलो सहज होतात, म्हणजे २० किलोचे साडेतीन क्रेट दर फेरीला फुकट हिंडवायचे.

गार्डला भोकं हवीत. पावसात लाल चिखल त्यावर साचून कडक होतो, त्याची पोळी दहा-पंधरा किलोंची होऊ शकते. उन्हाळ्यातला धोका वेगळाच. बीएस-६ डिझेल गाडीचा काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करताना आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. सड्यावरचं गवत तेव्हा कडकडीत वाळलेलं असतं. गार्ड आणि सायलेन्सर यांच्यामध्ये त्याचा पुंजका अडकला तर आग लागायला काडीची गरज नाही. ऑस्ट्रेलियातल्या गवताळ वाळवंटात गाड्या अशाच जळतात, म्हणून तिथले लोक थांबले की खाली वाकून गवत उपसतात. आपल्याकडे मार्च ते मे तेवढं करावं, आणि गाडी वाळक्या गवतावर उभी करू नये.

शेवटी, पाटे बदलले असतील तर ते एक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घ्यावेत आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. नव्या पाट्यांवरचा रंग आणि मधल्या पॅड दबतात आणि बोल्टचा ताण उतरतो. सैल यू-बोल्टमुळे सगळी ओढ मधल्या बारीक सेंटर बोल्टवर येते, तो कापला जातो आणि एक्सल एका बाजूला सरकतो. मग गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी चालते. आत बसलेल्या ड्रायव्हरला ते लवकर कळत नाही, मागून येणाऱ्याला लगेच दिसतं. अशी गाडी पुढे दिसली तर ओव्हरटेक करून निघून जाऊ नका, हॉर्न देऊन त्याला थांबवा.