हमिंगबर्ड छायाचित्रण

हमिंगबर्ड (गुंजन पक्षी) फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आढळतो. आपल्याकडे जास्वंदीवरचा शिंजीर किंवा फुलासमोर तरंगणारा हॉक मॉथ (एक मोठा पतंग) पाहून ‘हमिंगबर्ड दिसला’ असे अधूनमधून कोणीतरी सांगते, ते खरे नसते. त्याच्या सुमारे ३६० जातींपैकी १३०च्या आसपास एकट्या इक्वेडोरमध्ये आहेत, आणि हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा लहान आहे. किटोच्या वायव्येची मिंडो आणि तांदायापा ही ठिकाणे म्हणूनच छायाचित्रकारांची पंढरी झाली आहेत.

मुख्य अडचण वेगाची आणि अंधाराची. लहान जातींचे पंख सेकंदाला ५० ते ८० वेळा हलतात. पन्नास धरले तरी शटर १/२००० सेकंद उघडे असते तेवढ्यात पंख आपल्या फेरीचा चाळिसावा भाग कापतो, म्हणजे टोके पुसट येतात. त्यात अँडीजच्या उतारावरचे मेघवन भरदुपारीही धुक्याने झाकोळलेले असते, त्यामुळे शटरचा वेग आणखी वाढवायला उजेडच पुरत नाही.

यावर बहुफ्लॅश पद्धत निघाली. चार ते सहा फ्लॅश फुलाभोवती उभे करून त्यांची शक्ती १/१६ किंवा १/३२ वर आणतात. शक्ती कमी केली की लखलखाटाचा काळही आखडतो आणि १/१५,००० सेकंदाच्या आसपास येतो. शटर मात्र १/२०० वरच राहते. पंख थिजवतो तो फ्लॅश. अॅपर्चर (भिंगाचे छिद्र) f/११ ते f/१६, म्हणजे बरेच लहान ठेवतात, म्हणजे आजूबाजूचा उजेड चित्रात येत नाही. फ्लॅश बंद करून काढलेली चौकट पूर्ण काळी यायला हवी, नाहीतर पंखामागे दुसरी, भुतासारखी प्रतिमा उमटते. ‘हाय-स्पीड सिंक’ या, वेगवान शटरसोबत फ्लॅश वापरण्याच्या सोयीच्या नावाला भुलून नवखे इथेच फसतात: त्यात फ्लॅश तुकड्यातुकड्यांनी, बराच वेळ जळत राहतो.

या तंत्राची मुळे एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांच्या १९३०च्या दशकातल्या स्ट्रोबोस्कोपिक (क्षणिक लखलखाटाच्या) प्रयोगांत आहेत. ड्युपाँ या अमेरिकी रसायन कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी ते जंगलात नेले. हमिंगबर्डांवरचे त्यांचे पुस्तक १९६०मध्ये आले.

गळ्याचा झगमगाट रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा असतो. पक्ष्याने मान जराशी वळवली की माणकासारखा लाल कोळशासारखा काळा पडतो. म्हणून एक फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ लावतात.

अशा चित्रात ‘जंगल’ किती, हा प्रश्न रास्त आहे. मागची हिरवी धूसरता बहुधा छापलेला फलक असतो. शेजारचे फीडर (साखरपाण्याची टांगलेली भांडी) काढून ठेवलेले असतात आणि हेलिकोनियाच्या फुलात पिचकारीने साखरपाणी भरलेले असते (एक भाग साखर, चार भाग पाणी, रंग किंवा मध नाही). तसे सांगितले तर त्यात गैर काही नाही. नैसर्गिक उजेडातच काम करणारे वेगळा मार्ग धरतात. फुलांचा ताटवा राखणारा नर पुन्हापुन्हा त्याच काटकीवर येऊन बसतो, तिथे १/२५० सेकंदही पुरते. हर्मिट जातींचे पक्षी मात्र ठरलेल्या फुलांची फेरी करत येतात. एकदा हुकले की पुढच्या फेरीची वाट पाहायची.

संध्याकाळी फीडरवर झुंबड उडते, कारण रात्रभराची शिदोरी भरून घ्यायची असते. थंड रात्री अनेक जाती शरीराचे तापमान उतरवून जवळजवळ निपचित होतात. त्या गर्दीच्या वेळी नेमका उजेड संपलेला असतो.